त्रेचाळिसाव्या वर्षी बॅचलर

घटस्फोट झाला त्या आठवड्यापासून घरातले सगळे माझ्याशी फार गोड बोलायला लागले. त्या गोडव्याचा मला इतका संताप आला की उन्हाळा संपायच्या आत मी घर सोडलं.

घर म्हणजे मोरवा गावातलं, भाईंदर पश्चिमेचं. आम्ही तिथले जुने. आजोबांचं आयुष्य मिठागरात गेलं, वडिलांचं भातशेतीत. माझा मोठा भाऊ, त्याला मी दादा म्हणतो, रेती-सिमेंटचा धंदा करतो. मी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या फॅक्टरीत डिस्पॅच बघतो. खाली दादा, वहिनी, त्यांची मुलं आणि आई. वरच्या दोन खोल्या माझ्या आणि माझ्या पहिल्या बायकोच्या. लग्नाला बारा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. आमचं कधी कडाक्याचं भांडण झालं नाही. "तू भांडतसुद्धा नाहीस माझ्याशी," असं म्हणून ती एक दिवस माहेरी गेली आणि तिथून वकिलाचा फोन आला. तिला मी दोष देत नाही. पण तेव्हा मात्र मी तिला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या, आणि त्या सगळ्या आतच राहिल्या.

मग गोडवा सुरू झाला. वहिनी माझ्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढायला लागली. आळीतल्या बायका मला रस्त्यात थांबवून "बारीक झालास रं" म्हणायच्या, आणि मी तर जाड होत होतो. फॅक्टरीतून आलो की ओट्यावर बसलेल्या सगळ्याजणी एकदम गप्प व्हायच्या. आईच्या बहिणीने, माझ्या मावशीने, स्थळं आणायचा सपाटा लावला. एक विधवा होती. एकीचं वय जास्त होतं, "पन कामाला वाघ हाय." एकीबद्दल काहीच सांगितलं नाही, फक्त फोटो पुढे केला आणि मी काय बोलतोय याची वाट बघत बसल्या दोघी, ती आणि आई.

"मला नाही करायचं इतक्यात," मी म्हणालो.

"मंग कधी करशील? म्हातारपनी?" आई म्हणाली.

दादा जेवता जेवता म्हणाला, "दिवाळीच्या आत उरकून टाकू." स्लॅब टाकायचं ठरवावं तसं. मी ताटावरून उठलो. वहिनी मागून म्हणाली, "जाऊ द्या, त्यांचं मन ठिकाणावर न्हाय." तिने ते प्रेमाने म्हटलं होतं. मला वाटलं, हिच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावं.

मी मिरा रोडला भाड्याने घर बघायला लागलो. दादा म्हणाला, हातात स्वतःचं घर असताना भाडं भरतो तो येडा. आई रडली. मी ऐकलं नाही. पण मिरा रोडमध्ये मला कोणी घर द्यायला तयार नव्हतं. एजंट फोनवर उत्साहाने बोलायचा, मग विचारायचा, "फॅमिली?" मी म्हणायचो, एकटाच. तो म्हणायचा, बघतो, कळवतो. आणि कळवायचा नाही.

सिल्व्हर पार्कमध्ये एक वन बीएचके बघितलं. मालक दुसरीकडे राहायचे, त्यांना भाड्याशी मतलब. पण सोसायटीचे सेक्रेटरी भेटल्याशिवाय एनओसी मिळणार नव्हती. ऑफिसात टेबलामागे ते बसले होते, समोर मला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं.

"बॅचलर को हम नहीं देते," ते म्हणाले.

"मेरी उमर त्रेचालीस है."

"फिर भी बॅचलर तो बॅचलर है ना. नॉनव्हेज खाते हो?"

"खाता हूँ."

"रोज?"

 हे सगळे टॉवर उभे राहायच्या आधी या भागात खाजणाची खारी जमीन होती, माझे आजोबा इथून बैलगाडी घेऊन जायचे, असं सांगावंसं वाटलं. पण ते सांगून फ्लॅट मिळत नाही. "संडे को," मी म्हणालो. खोटं बोललो. शेवटी फ्लॅट मिळाला तो माझ्या वागण्यामुळे नव्हे, बाथरूममधल्या गळतीमुळे. गळतीपायी तो कोणी घेत नव्हतं. रात्री उशिरा कोणी येणार नाही, लेडीज येणार नाहीत, मोठ्याने काही वाजणार नाही, असं तोंडी कबूल करून मी किल्ली घेतली.

पहिल्या रविवारी बोंबील तळले. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातांनी. अर्धे तव्याला चिकटले, उरलेले कच्चे राहिले. तेवढ्यात बाहेर फुसफुस आवाज आला. दार उघडलं तर समोरच्या फ्लॅटमधली बाई पॅसेजमध्ये रूम फ्रेशनर मारत होती, थेट माझ्या दाराच्या फटीवर. मला बघून थांबली नाही. डबा संपेस्तोवर मारत राहिली. मी पण दार लावलं नाही. दोघं तसेच उभे. गुलाबाचा आणि बोंबलाचा असा काही मिळून वास झाला की मलाच खोकला आला.

लोक सांगतात, एकटं झालं की माणसाने स्वतःला नव्याने घडवावं. मी प्रयत्न केला. जिमला महिनाभर गेलो. तिथला ट्रेनर मला "अंकल" म्हणायचा आणि माझ्याकडे पाठ करून फोन बघायचा. केसांना डाय लावला तर कपाळावर पुरळ उठलं आणि फॅक्टरीतले हमाल आठवडाभर हसत होते. एका पोऱ्याने फोनवर भेटीगाठींचं ॲप टाकून दिलं. त्यावरून एक बाई मॉलमध्ये कॉफीला भेटली. बसल्या बसल्या तिने विचारलं, फ्लॅट ओनरशिपचा आहे का. मी म्हणालो, भाड्याचा. तिने कॉफी मात्र पूर्ण संपवली, मग म्हणाली, मला एका ठिकाणी जायचंय. घरी येऊन मी ॲप काढून टाकलं. जगातल्या सगळ्या माणसांचा मला राग होता, आणि त्यातल्या त्यात जास्त राग, कोणी चांगलं वागलं की यायचा.

फॅक्टरीतले अकाउंटंट मला एका शनिवारी कराओकेला घेऊन गेले. मिरा-भाईंदरमध्ये अशा क्लबांचं पेव फुटलंय. पडद्यांच्या दुकानाच्या वर एक छोटा हॉल, भिंतींना फोम, लाल-निळे दिवे, आणि पन्नाशीच्या आसपासची माणसं माईक धरून जुनी हिंदी गाणी म्हणतायत. चालवणारे एक रिटायर्ड बँकवाले गुजराती काका. प्रत्येकाला एक सोलो आणि एक ड्युएट. कोणी कितीही बेसूर गायलं तरी काका "क्या बात है" म्हणणार. मला ती जागा आवडली. तिथे कोणी माझ्या बायकोबद्दल विचारलं नाही. तिथे फक्त विचारायचे, "स्केल कौनसा?" मला स्केल म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी म्हणायचो, जो है वो.

तिसऱ्या-चौथ्या शनिवारी काकांनी माझं ड्युएट एका बाईबरोबर लावलं, कारण तिचा नेहमीचा पार्टनर आला नव्हता. चाळिशीची, कापलेले केस, चष्मा दोरीला लटकवलेला. बोरिवलीला विम्याच्या सरकारी ऑफिसात नोकरीला. ती गायला लागली तेव्हा हॉल खरोखर शांत झाला. मग माझी ओळ आली. मी सगळा जोर लावून गायलो. दुसऱ्या कडव्याच्या मध्येच तिने माईक खाली घेतला आणि नुसती उभी राहिली. संगीत एकटंच वाजत राहिलं. मीही थांबलो.

"तुम्ही गाताय की भांडताय?" तिने विचारलं. माईकमध्ये नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. हॉल हसला.

"प्रॉब्लेम असेल तर दुसरा पार्टनर बघा," मी म्हणालो.

"बघितला असता. आज दुसरा कोणी आलाच नाही."

मी माईक ठेवला आणि जिना उतरून गेलो. घरी पोचेपर्यंत तिला द्यायची उत्तरं तयार करत होतो. एकाहून एक चांगली सुचली, पण ऐकायला कोणी नव्हतं.

दोन शनिवार गेलो नाही. तिसऱ्या शनिवारी घरच्या भिंतींकडे बघून वीट आला म्हणून गेलो, आणि मुद्दाम फक्त सोलो घेतलं. गाऊन वळलो तर ती पुढच्याच खुर्चीत. "एवढ्या वरच्या पट्टीत कशाला जाता? कोणी पाठी लागलंय का?"

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"विचारलं नाही म्हणून तर सांगतेय. विचारणाऱ्यांना मी खोटं सांगते."

असं हे चालू झालं. ती माझ्या गाण्याचे वाभाडे काढायची, मी तिच्या चष्म्यावरून, तिच्या सरकारी नोकरीवरून बोलायचो. काका मध्ये पडायचे, "अरे, म्यूझिक है, लडाई नहीं." एका शनिवारी ती आली नाही. मी सोलोसुद्धा न म्हणता निघून आलो आणि वाटेत रिक्षावाल्याशी कारण नसताना भांडलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला तिची सवय लागली आहे. ते लक्षात आल्यावर तिचाही राग आला.

थंडीत क्लबची पिकनिक निघाली, उत्तनच्या पुढे तारोडीला. समुद्राजवळ एक बंगला भाड्याने घेतला होता. जेवणानंतर सगळे पुन्हा माईक घेऊन बसले, मी कंटाळून गावात चालत गेलो. बांबूंवर बोंबील वाळत घातले होते. एक म्हातारी कोळीण त्यांच्यावर नजर ठेवून बसली होती. तिच्याशी माझी गाठ पडली आणि मी आमच्या बोलीत सुरू झालो. तिची बोली आणि आमची सारखी नाही, पण एकमेकांना कळते. भाव करता करता आम्ही दोघं एकमेकांच्या गावांना नावं ठेवायला लागलो. ती म्हणाली, मोरव्याच्या लोकांना मासा कळतच न्हाय. मी म्हणालो, तुमच्याकडचा मासा खारा म्हनून खपतो, चवीला काय न्हाय. म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. मागे वळलो तर ती उभी. क्लबमधली, चष्मेवाली.

"असं का नाही बोलत तुम्ही एरवी?" ती म्हणाली.

"कसं?"

"आत्ता बोलत होतात तसं. आत्ता तुम्ही समोरच्याचं ऐकत होतात."

 आम्ही खडकांकडे चालत गेलो. तिने स्वतःबद्दल सांगितलं, तक्रार न करता, पण सौम्यपणेही नाही. तिचे वडील हिंगोलीकडून नोकरीसाठी आले, लवकर गेले. ही थोरली. धाकट्या दोन भावांना तिने शिकवलं. एक पुण्याला असतो, दुसरा बायकोसह तिच्याच फ्लॅटमध्ये राहतो.

"आधी भावांचं शिक्षण, मग भावांची लग्नं, मग आईचं आजारपण. आई गेली तेव्हा मी चाळिशीला आले होते. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की मला लग्नाची आवडच नाही."

"आणि तुम्हाला?"

"मला अजून कोणी विचारलेलं नाही." मग थांबून म्हणाली, "मी बौद्ध आहे. तुम्ही मोरव्याचे. आत्ताच सांगून ठेवते, नंतर कोणी शोध लावायला नको."

"मी कुठं विचारलं?"

"कोणीच विचारत नाही. आडनाव विचारतात."

मी तिचं आडनाव आधीच विचारून घेतलं होतं, काकांकडून. ते मी तिला तेव्हा सांगितलं नाही. आम्ही परत आलो तेव्हा बंगल्यात कोणीतरी आमच्याकडे बघून माईकवरून काहीतरी गंमत केली. तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढची ओळ विसरला.

त्यानंतर ती रविवारी दुपारी माझ्याकडे यायला लागली. मी मासे करायचो, ती खायची आणि चुका काढायची. तिखट जास्त, चिंच कमी. पण ताट चाटून पुसून संपवायची. ओट्याजवळ उभी राहून भाजी निवडताना ती बारीक आवाजात गुणगुणायची. मी पाठमोरा, तवा धुण्याचं निमित्त करून उभा राहायचो. त्या आवाजाने माझ्या पाठीतला ताठा उतरायचा, हे मला कळत होतं.

एका रविवारी सेक्रेटरी दारात आले. बरोबर समोरच्या फ्लॅटमधली रूम फ्रेशनरवाली बाई आणि अजून एक जण.

"आपके यहाँ लेडीज आती है. आपने बोला था नहीं आयेगी."

मी काही बोलायच्या आत ती आतून आली, हातात कढीपत्त्याची काडी. "ये रूल लिखित में है क्या? दिखाइए."

"आप बीच में मत बोलिए, मॅडम. फॅमिली लोग रहते हैं यहाँ."

"मैं भी किसी फॅमिली से ही आयी हूँ. पेड से नहीं गिरी."

मागची बाई म्हणाली, "देखो, कैसी जबान है." दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. पुढच्या महिनाअखेरीला घर खाली करा, वाद नको. मी फोनवर त्यांना वाट्टेल ते बोललो. ते शांतपणे म्हणाले, भाई, सोसायटीसे कौन लडेगा.

संध्याकाळी तिला स्टेशनबाहेर भेटून सांगितलं. ती माझ्यापेक्षा जास्त चिडली. फुटपाथवर उभे राहून आम्ही त्या सोसायटीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या रागातच मी म्हणालो, "लग्न करायचं का?"

ती एकदम थांबली. "तुम्हाला घर हवंय की बायको?"

"घर कुठंही मिळेल. गळकं का होईना."

"मी विचार करते," ती म्हणाली आणि रिक्षात बसली. रिक्षा सुरू झाली, पुढे गेली, थांबली. तिने डोकं बाहेर काढलं. "केला विचार. चालेल. पण भटजी नको, आणि तुमच्या घरच्यांच्या पाया पडून परवानगी मागायची नाही."

तिच्या घरून उत्तर लवकर आलं. तिचा धाकटा भाऊ फॅक्टरीच्या गेटवर आला. टेम्पो भरत होता, मी बाहेरच होतो.

"माझ्या बहिणीला सोडा," तो म्हणाला.

"मी धरून ठेवलेली नाही."

"तुमच्या लोकांत आमच्या मुलींना काय वागणूक मिळते, माहितेय आम्हाला. चार दिवस प्रेम, मग रोज जात काढणार. तुमचा भाऊ उंबरठ्यावर तरी उभा करेल का तिला?"

त्याचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच मला ते सहन झालं नाही. "तुला बहिणीची काळजी आहे की तिच्या फ्लॅटची?" मी विचारलं. त्याने माझी कॉलर धरली. हमाल धावले, दोघांना बाजूला केलं. माझ्या शर्टाचं बटण तुटलं, त्याच्या मनगटाला टेम्पोचा पत्रा लागला. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती आमच्या दोघांवर सारखीच चिडली. "माझ्यावरून गेटवर मारामारी करायला मी काय प्लॉट आहे?" त्या रात्री ती भावाशी काय बोलली ते मला माहीत नाही. तो पुन्हा आला नाही.

आम्ही ठाण्याला रजिस्टर लग्नाची नोटीस दिली. ती तिथल्या बोर्डावर लागते. गावातला कोणीतरी स्वतःच्या कामाला गेला होता, त्याने वाचली. त्याच संध्याकाळी दादा सिल्व्हर पार्कला आला. माझ्या त्या घरात तो पहिल्यांदा आला होता. मी खुर्ची पुढे केली, बसला नाही.

"हे खरं हाय?"

"खरं आहे."

"तुला बायकोच पायजे होती तर आमी काय मेलो होतो? मावशी रोज फोटो आनत होती."

"मला फोटो नको होता."

"आपल्यात पोरी संपल्या का? ह्यांच्यात गेलास?" त्याचा आवाज जिन्यात जात होता. "आईला मारून टाक एकदाचा. तिनं आमच्या घरात पाय ठेवायचा न्हाय. सांगून ठेवतो."

"घर आईचं पण आहे. आईला विचार."

"आई माजं ऐकते."

तो गेला. तो उतरत असताना दारं किलकिली झालेली मला दिसत होती. मी पॅसेजमध्ये उभा राहून मोठ्याने म्हणालो, "शो खतम हो गया." दारं लागली.

लग्नाला साक्षीदार म्हणून अकाउंटंट, कराओकेचे काका आणि तिची एक मैत्रीण. तिचे भाऊ आले नाहीत, माझ्या घरचं कोणी आलं नाही. काकांनी पेढे आणले होते. तिने निळी साडी नेसली होती. बाहेर आल्यावर आम्ही तिघा साक्षीदारांना जेवायला घातलं. जेवताना मैत्रिणीने तिला विचारलं, कसं वाटतंय. ती म्हणाली, "भूक लागल्यासारखं." मग माझ्या पानातला पापड उचलून खाल्ला.

आम्ही थोडं लांब दुसऱ्या बिल्डिंगमध्ये घर घेतलं, भाड्याचंच. तिथल्या कमिटीने लग्नाचं सर्टिफिकेट बघितलं आणि दोन मिनिटांत सही केली. आदल्या महिन्यात मी बिल्डिंगला धोका होतो. आता मी फॅमिली होतो. मी कणभरही सुधारलो नव्हतो.

गणपतीच्या आधी आईचा फोन आला, दादा बाहेर गेलेला असताना. "गनपतीला ये. एकटा ये."

मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "जा."

"एकटा नाही जाणार."

"मग मी येते. पण हात जोडणार नाही. बसेन, बोलेन, विचारलं तर उत्तर देईन. तुला हे आधी चालणार असेल तरच. तिथे जाऊन माझ्याकडे बघत बसायचं नाही."

"चालेल," मी म्हणालो. तेव्हा ते सोपं वाटलं.

हॉलभर नातेवाईक होते. आम्ही आत गेलो आणि बोलणं बंद पडलं. आई मखराजवळ बसली होती. दादाने आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा समईची वात सारखी करायला लागला. मी गणपतीच्या पाया पडलो, बायको खुर्चीवर बसली. वहिनी पाणी घेऊन आली. मला स्टीलचा ग्लास. तिला प्लास्टिकचा, लग्नात असतात तसला पातळ, वापरून टाकून देण्याचा. मी फॅक्टरीत दिवसभर स्टीलचे ग्लास खोक्यात भरून पाठवतो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ती मात्र शांतपणे ते पाणी प्यायली.

"तिला सांग, हात जोड," आई मला म्हणाली. तिला नाही.

"ती जोडणार न्हाय, आई. आमचं ठरलंय."

दादा उठला. "मंग आलीस कशाला?" हे मात्र तिला.

"तुमच्या आईंना भेटायला," ती म्हणाली. "तुमच्या गणपतीशी माझं भांडण नाही. नातंही नाही."

मावशी म्हणाली, "बघा, बघा जीभ." मला पुढचं ऐकू आलं नाही. मी उठलो, सरळ स्वयंपाकघरात गेलो, माझा स्टीलचा ग्लास माठातल्या पाण्याने भरला आणि सगळ्यांच्या समोर तिच्या हातात दिला. तिने माझ्याकडे बघितलं. मग एका दमात सगळं पाणी प्यायली.

"तो ग्लास घेऊनच जा आता," दादा म्हणाला.

ती उठली, ग्लास पर्समध्ये टाकला. "थँक यू," म्हणाली आणि चालायला लागली. आई मखराकडे तोंड करून बसली होती. तिने मान वळवली नाही.

मला वाटलं होतं, बाहेर आल्यावर ती माझा हात धरेल. बाईकवर ती मागची दांडी धरून बसली. घरी आल्यावर पर्स सोफ्यावर आपटली.

"मला तहान नव्हती."

"त्यांनी तुला प्लास्टिकचा..."

"मला दिसलं ते. तुझ्या आधी दिसलं. असे ग्लास मी लहानपणापासून बघतेय. मी माझ्या शब्दांत उत्तर दिलं होतं, पुरेसं होतं. तू मध्येच पाणी घेऊन आलास आणि मला सगळ्यांसमोर प्यायला लावलंस. मी काय तुझा झेंडा आहे, भावापुढे नाचवायला?"

"म्हणजे गप्प बसायला हवं होतं मी?"

"तुला तुझ्या भावाशी भांडायचं असेल तर तुझ्यासाठी भांड. तुझं पण पुष्कळ आहे भांडण्यासारखं."

मी पण ओरडलो. बराच वेळ. तिला जे म्हणायला नको होतं तेही म्हणालो, की एक हात जोडला असतास तर काय बिघडलं असतं. ती तिथेच थांबली, चष्मा काढला, दोरीला सोडला. "हे कधी येतंय, याचीच वाट बघत होते," असं म्हणून आतल्या खोलीत गेली. दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं. फॅक्टरीत मी चुकीच्या टेम्पोत चुकीचा माल भरला आणि शिव्या खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ती डबा भरताना म्हणाली, "पुढच्या वेळी आधी विचार."

"पुढची वेळ येणारच नाही."

"येईल. तुझी आई आहे तिथे."

मी तिला म्हणालो, त्या दिवशी हात जोडण्याचं जे बोललो ते मागे घेतो. ती म्हणाली, बोललेलं मागे येत नाही, पण ऐकलं मी. आणि डब्यात एक चपाती जास्त ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाशी तरी शेवटपर्यंत भांडलो होतो आणि समोरचं माणूस घर सोडून गेलं नव्हतं. हे मला त्या दिवशी फॅक्टरीत, प्रेस मशीनच्या गोंगाटात, उभ्या उभ्या सुचलं.

दोन वर्षं झाली. दादा बोलत नाही. आई तो घरी नसला की फोन करते, हवापाण्याचं विचारते, माझ्या बायकोचं नाव घेत नाही. बायकोचा भाऊ अजून तिच्याच फ्लॅटमध्ये राहतो. तिने त्याला जा म्हटलेलं नाही, त्याने तिला ये म्हटलेलं नाही. आमच्या नव्या बिल्डिंगमध्येही तिचं चेअरमनशी पार्किंगवरून वाजलंय, आणि तिचं बरोबर आहे.

दादाची पांढरी गाडी कधीकधी रस्त्यात दिसते. दिसली की बायको बाईकच्या मागच्या सीटवरून त्याला हात करते. हसत नाही, नुसता हात करते, ट्रॅफिक पोलीस करतो तसा. मी म्हणतो, कशाला करतेस? ती म्हणते, "तो तोंड फिरवतो ना, त्याला फिरवायची मेहनत तरी होऊ दे."

गेल्या महिन्यात गोल्डन नेस्टच्या सिग्नलला त्याची गाडी अगदी आमच्या बाजूला येऊन थांबली. काच खाली होती. दादा स्टीअरिंगवर, शेजारी वहिनी. बायकोने हात केला. वहिनीचा हात मांडीवरून थोडा वर आला, तसाच केसांकडे गेला आणि तिने नसलेली बट कानामागे सारली. दादाने काच वर केली. सिग्नल सुटेना. आम्ही चौघं तसेच पुढे बघत थांबलो होतो, आणि मागून कोणीतरी हॉर्न वाजवायला लागलं.